खोकल्याचं गाणं

तिला सगळे कात्री म्हणायचे. हे नाव ठेवलं धाकट्या भावानं, आणि ते असं चिकटलं की कारखान्यातल्या हजेरीवाल्यानंही एकदा भरल्या रांगेत त्याच नावानं हाक मारली आणि मग जीभ चावली. शर्ट शिवून झाले की शिवणीतून धागे लोंबत राहतात, ते कापायचे, हे तिचं काम. मांडीवर शर्ट, बोटांत छोटीशी कात्री आणि पायाशी रंगीबेरंगी धाग्यांचा पसारा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तिला कुठंही काही लोंबताना दिसलं की चैन पडत नसे. एकदा बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या कॉलरचा धागा तिनं न विचारता कापला. मानेपाशी कात्रीचा आवाज ऐकून तो गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. भाऊ ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा, आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, ‘अरे पण धागा होता ना!’

अशा बाईचा आणि रेगे संगीताचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर विचारणाऱ्याची चूक नाही. संबंध भावामुळेच आला.

भाऊ गॅरेजात मोटारींना फवाऱ्यानं रंग मारायचा. अंगाला कायम थिनरचा वास, आणि नखांत कुठल्या ना कुठल्या गाडीचा रंग. नाकातोंडाला लावायला मालकानं दिलेली जाळी तो गळ्यात अडकवून फिरायचा, कारण ती लावली की गाता येत नाही. आणि न गाता रंग मारायचा म्हणजे त्याच्या मते नुसती हमाली. सुट्टीच्या दुपारी तो, एक बास गिटारवाला आणि शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर, असे तिघं एका मागच्या खोलीत जमायचे. बासवाला उंच होता, आणि वाजवताना पापणीही हलवत नसे, म्हणून त्याला खांब म्हणायचे. मास्तरांकडे कॉम्प्युटर होता आणि बटणांच्या दोन-तीन पेट्या होत्या. त्यांतून ते कसलाही आवाज काढत.

खोलीच्या पलीकडे नळ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, भिंत दोघांत एकच. बासचा आवाज वाढला की तो पान्यानं भिंत ठोकायचा. मास्तरांनी तो ठोकाच रेकॉर्ड करून गाण्यात घातला. एकदा नळवाला तावातावानं भांडायला आला, तेव्हा त्याला बसवून ते गाणं ऐकवलं. त्याचा रागच पळाला. त्यानंतर तो अधूनमधून दारात डोकावून विचारायचा, ‘आज लागेल का माझं काही?’ तेव्हापासून मंडळींचं नाव पडलं ‘सामाईक भिंत’.

संगीत काय होतं म्हणाल, तर पायाला रेगे. त्यात ठोका उलटा पडतो. आपण जिथं टाळी देऊ तिथं शांतता, आणि मधल्या फटीत गिटार खाटकन वाजून गप्प. खालून बास असा संथ चालतो की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप सैल होतात. ते काम खांबाचं. भावाचा जीव डान्सहॉलमध्ये. तो रेगेच्याच घरातला उनाड मुलगा. त्यात गाणं कमी आणि तालावर धडाधडा बोलणं जास्त, समोरच्यांना डिवचणं, चिडवणं, नाचायला लावणं. आणि या दोघांच्या वर मास्तरांचे यंत्रातून निघालेले आवाज, घोंघावणारे, टिपटिपणारे, मध्येच बुडून जाणारे. जुन्या मताचे लोक नाक मुरडत. पण पोरं नाचायला येत आणि घामाघूम होऊन परत जात, त्याहून मोठा दाखला कुणाला हवा होता?

त्यांचे दोन नियम होते. पहिला, जे रेकॉर्ड झालं ते सगळ्यांचं. कुणाचाही आवाज कुणीही उचलावा, ताणावा, चिरावा, उलटा वाजवावा. माझं-तुझं करायचं नाही. दुसरा नियम खांबाचा. गाणं पुरं झालं की त्याचं कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. ‘उष्टं साठवायचं नाही,’ तो म्हणायचा. ‘साठवलं की माणूस तेच तेच चघळत बसतो.’ हे ऐकायला फार भारी वाटतं. तेव्हा तिलाही वाटलं होतं.

कात्रीला भावानं ओढून आणलं ते या कच्च्या रेकॉर्डिंगपायी. त्यात खुर्ची करकरायची, कुणी शिंकायचं, भाऊ दोन ओळींच्या मध्ये ‘चहा आला का?’ म्हणून विचारायचा. मास्तरांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि दाखवलं, आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो. बोललं की रेघ फुगते, गप्प बसलं की बारीक होते. नको असलेला फुगवटा धरायचा आणि पुसायचा.

‘म्हणजे धागाच की,’ ती म्हणाली.

‘धागाच,’ मास्तर म्हणाले, आणि तिला तिथं सोडून चहा प्यायला गेले.

परत आले तोवर तिनं अख्खं गाणं साफ केलं होतं. श्वास नाही, खुर्ची नाही, चहा नाही. भावाचा आवाज असा लख्ख की मास्तर हेडफोन काढून तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवसापासून ती ‘सामाईक भिंत’मधली झाली. लोकांसमोर ती कधी आली नाही, यायची हौसही नव्हती. पण गाणं सुरू झालं की मागच्या कोपऱ्यात उभी राहून ती मनाशी म्हणायची, इथं एक शिंक होती, मी काढली. इथं तो अडखळला होता, मी काढलं. आणि गाणं पुरं झालं की कच्चा माल पुसायचं कामही तिचंच. त्यात तिला घर झाडून झाल्यासारखं समाधान मिळायचं.

आता खोकल्याचं सांगतो.

खोकला आधी इतर आवाजांसारखाच यायचा. एखाद्या ओळीच्या शेवटी, बारीक, कोरडा. तिनं तो काढला, शिंक काढावी तसा. मग तो ओळींच्या मध्ये येऊ लागला. मग ओळीतच, शब्दाला चिकटून, इतका की शब्द सोडवून घेताना तिच्या नाकी नऊ यायचे. पडद्यावरची रेघ कशी दिसते ते तिला पाठ झालं होतं. आधी तो एक टोकदार काटा असायचा, पुढं पुढं तो रुंद झाला, मागं शेपटी आली. कानाला तो ओला लागायला लागला. घरी भाऊ आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून, मोरीत जाऊन, नळ सोडून खोकायचा. खांब आणि मास्तर आपापल्या वाद्यांत बुडालेले. हेडफोन लावून त्याची छाती आतून ऐकणारं माणूस जगात एकच होतं. ती.

एकदा तिनं विषय काढला. ‘दवाखान्यात जाऊन ये.’

‘रंगाची धूळ आहे गं ताई. चार दिवस काम बंद ठेवलं की जाते.’

‘मग ठेव ना बंद.’

‘आता? कार्यक्रम तोंडावर आलाय!’

तिच्या मनात पाल चुकचुकली होती, पण कार्यक्रम खरंच तोंडावर होता, आणि काम खरंच पुष्कळ होतं. तिनं हेडफोन लावले आणि पुढचा खोकला काढला. गाणी इतकी साफ झाली की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या छातीत घंटा बसवली आहे.

आणि मग मास्तरांनी तो उद्योग केला. तिनं काढून ठेवलेल्या कचऱ्यातून एक खोकला त्यांनी उचलला. तो खूप खाली उतरवला, जाड केला आणि रेगेच्या त्या रिकाम्या फटीत, गिटारच्या जागी बसवला. खोक्, शांतता, खोक्, शांतता, आणि खालून बास. नळवाल्याचा पाना चालतो तर खोकला का नाही? मंडळींच्या हिशेबानं यात वावगं काही नव्हतंच. जे रेकॉर्ड झालं ते सगळ्यांचं.

भावानं ते ऐकलं आणि तो हसत सुटला. इतका हसला की खोकला.

कात्री मात्र खवळली. ‘मी काढलेलं तुम्ही कशाला उचललंत? टाकलेली वस्तू आहे ती!’

‘आवाज आहे तो, कात्री. छान आवाज आहे.’

‘पुसा तो. मूळचा पुसा आधी.’

‘बरं बाई, पुसतो,’ मास्तर म्हणाले. ती का चिडली ते त्यांना कळलं नाही. तिलाही नीट कळलं नव्हतं. कामाचा अपमान झाला म्हणून आपण चिडलो, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

ते गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याला नावही लोकांनीच दिलं, खोकल्याचं गाणं. भाऊ माइक पुढं करायचा आणि अख्खी गर्दी तालात खोकायची. पोरं खोकायची, पोरी खोकायच्या, हसून हसून वाकायची. एकदा नळवाला पुढच्या रांगेत उभा राहून खोकत होता. भाऊ वर घामानं निथळत, माइक छातीशी धरून, वाकून उभा राहिला. लोकांना वाटलं नाचातलं काही आहे. टाळ्या पडल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या कात्रीला नाच कुठं संपला आणि खरा खोकला कुठं सुरू झाला ते समजलं. तरी ती जागची हलली नाही.

भावाला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हा कधीपासून खोकतोय?’ खांब मास्तरांकडे बघायला लागला, मास्तर खांबाकडे. ‘आमच्या तर कधी लक्षात आलं नाही,’ मास्तर म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तो नुसता एक आवाज वाटला होता. कात्री भिंतीला टेकून उभी होती. भावानं तिच्याकडे पाहिलं आणि तोच म्हणाला, ‘आहे थोडे दिवस.’

तो त्या दवाखान्यातून जिवंत परत आला नाही.

आता आईचं सांगतो. आईची नजर साखरेच्या आजारानं केव्हाच गेली होती. तिचं घर म्हणजे आवाजांचं घर. जिना चढतानाच भाऊ खालून ओरडायचा, ‘आई, आलो गं!’ आणि आईचा चेहरा दाराकडे वळायचा. भावाला घरी आणलं तेव्हा आईनं त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. मग हात मागं घेतला आणि म्हणाली, ‘गार आहे हा. हा माझा नाही.’ ती रडली नाही. आलेल्या बायकांनी तिला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण ती ढिम्म बसून राहिली, कान दाराकडे लावून. नंतरही तशीच. जेवायची नाही, जेवली तर एक ताट बाजूला ठेवायला लावायची. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की श्वास धरायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, ‘तो गेला असं तुम्ही सगळे म्हणता. तुम्हाला दिसतं, तुम्ही बघून मोकळे झालात. मला कुठं दिसतंय? मला त्याला ऐकव. मग मी समजून घेईन काय ते.’

कात्रीनं गाणी लावली. आईनं एक ऐकलं, दुसरं ऐकलं. मास्तरांच्या यंत्रातून गेलेला आवाज, मागं घुमणारा, पुढं पळणारा, मध्येच खोल गेलेला.

‘कुणी तरी विहिरीतून ओरडतंय,’ आई म्हणाली. ‘याला बाहेर काढा आधी. माझा असा बोलत नाही. साधा बोललेला नाही का कुठं? चहा मागताना, हाक मारताना?’

चहा मागताना! चहा तर कात्रीनं पहिल्याच दिवशी पुसला होता. त्यानंतरचे सगळे चहा, सगळ्या हाका, सगळे ‘थांबा रे’ आणि ‘पुन्हा घेऊ’ तिनं स्वतःच्या हातानं वेचून काढले होते आणि फेकून दिले होते. फोनमध्ये शोधलं. फोनवर निरोप ठेवायची भावाला सवयच नव्हती. उचलला नाही तर उचलेपर्यंत लावायचा. कार्यक्रमांची चित्रणं होती, त्यांत नुसता गोंगाट. खांबाकडे गेली. खांब बास खाली ठेवून लहान मुलासारखा रडला. ‘माझाच नियम,’ म्हणाला. ‘उष्टं साठवायचं नाही. जळो तो नियम.’

शेवटी मास्तर उरले. सुट्टीच्या दुपारी ती त्यांच्या घरी गेली. विचारायच्या आधीच मास्तरांनी मान खाली घातली. ‘एक आहे,’ ते म्हणाले. ‘तू पुसायला सांगितलं होतंस. मी हो म्हटलं, पण पुसलं नाही. पेटीतच राहिला.’

तिनं हेडफोन लावले. मास्तरांनी बटण दाबलं.

खोकला. खाली उतरवलेला नाही, जाड केलेला नाही, जसा होता तसा. लांबलचक, ओला, शेवटी शिट्टीसारखा. मग दम खाणं. मग त्याचा साधा, घरातला, जरा वरमलेला आवाज: ‘थांबा, पुन्हा घेतो. ताई, हे काप हं.’

एवढंच होतं. तिनं ते पुन्हा ऐकलं.

मास्तर हळूच म्हणाले, ‘आईंना द्यायचं तर... आधीचा खोकला काढून देऊ का? नुसतं बोलणं ठेवू. म्हाताऱ्या माणसाला कशाला...’

त्यांचं बरोबर होतं. पडद्यावर रेघ समोर होती. तो रुंद फुगवटा, ती शेपटी, पुढं बोलण्याचे छोटे उंचवटे. बोटाच्या एका हालचालीचं काम. आईला मुलगा मिळाला असता, साफ, लख्ख, आणि डॉक्टरीणबाईंचा तो प्रश्न आईच्या तोंडी कधी आला नसता. कात्रीचा हात आपोआप पुढं झाला. आयुष्यभराची सवय होती ती. फुगवटा धरलाही गेला, निळा झाला. आता फक्त पुसायचं.

‘नको,’ ती म्हणाली, आणि हात मांडीवर ओढून घेतला. ‘आहे तसंच द्या.’

घरी आल्यावर तिनं आईच्या उशाशी छोटा स्पीकर ठेवला. आई भिंतीला टेकून बसली होती. कात्रीनं लावलं.

खोकला सुरू होताच आईची पाठ ताठ झाली. हात चाचपडत बाजूच्या तांब्याकडे गेला. ‘पाणी दे त्याला,’ ती म्हणाली, घाईघाईनं, रागावल्यासारखी. ‘बघत काय बसलीस? पाणी दे!’ आणि मग तो आवाज आला, थांबा, पुन्हा घेतो, ताई, हे काप हं. आईचा हात तांब्यावर तसाच राहिला. तोंड उघडं. थोड्या वेळानं तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो इतके दिवस अडकून राहिलेला होता, आणि तो कात्रीला ऐकवेना.

रडणं ओसरल्यावर आईनं डोळे पुसले. तिच्या कानांना काय काय कळत होतं ते कात्रीला ठाऊक होतं. तिनं मुलगा ओळखला होता, आणि खोकलाही ओळखला होता.

‘हा नवा खोकला नाही,’ आई म्हणाली.

‘नाही.’

‘तुला ऐकू येत होता?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘पुष्कळ दिवसांपासून, आई.’

‘आणि तू काय केलंस?’

कात्रीनं सांगितलं. काही हातचं न राखता सांगितलं. पडद्यावरची रेघ, काटा, शेपटी, तोंडावर आलेला कार्यक्रम, सगळं. आई ऐकत होती की नाही तेही समजेना. आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं स्पीकर चाचपून मांडीवर घेतला आणि विचारलं, ‘बटण कुठलं?’

कात्रीनं तिचं बोट धरून बटणावर ठेवलं.

‘आता तू बाहेर बस,’ आई म्हणाली.

ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. शेजारीण वर जाताना थांबली आणि म्हणाली, ‘काय गं, अशी बाहेर का?’ दाराआड खोकला सुरू झाला, संपला. मग भावाचा आवाज आला, ‘ताई, हे काप हं.’ पुन्हा खोकला. पुन्हा ‘ताई, हे काप हं.’ त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आई तिला बाहेर बसवते, आणि ती बसते. कारखान्यातून येते, चहा करते, कप आईच्या हाताशी ठेवते आणि पायरीवर जाते. आई तिच्याशी कामापुरतं बोलते. मास्तर आणि खांब एकदा येऊन गेले. खोकल्याचं गाणं त्यांनी बंद केलं आहे, पण लोक मागतात म्हणे.

पहिल्या दिवशी मात्र एक गोष्ट झाली, आणि ती कात्रीनं कुणालाच सांगितलेली नाही. आत आवाज म्हणाला, ‘ताई, हे काप हं.’ आणि या वेळी आईनं त्याला उत्तर दिलं. तो जिना चढून आला की ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात:

‘नाही कापत ती आता. तू खोक बाळा.’